विद्यार्थ्यांना ठाऊक होते

सर, आमच्या दिवंगत बाईंच्या आठवणींवरील आपल्या लेखातील बाकी सर्व पटले, पण ‘तिने आपला आजार विद्यार्थ्यांना अखेरपर्यंत कळू दिला नाही’ हे वाक्य मात्र, क्षमा असावी, वस्तुस्थितीला धरून नाही. केमोथेरपीच्या काही औषधांनी बोटांची टोके बधिर होतात हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. परंतु खारफुटीतल्या तिवराच्या श्वसनमुळांची आकृती काढताना बाईंच्या हातून खडू निसटायचा आणि पहिल्या बाकावरची मुलगी तो उचलून, काही न बोलता, त्यांच्या हातात ठेवायची. परळच्या टाटा रुग्णालयातून रात्रीच्या गाडीने रत्नागिरीला उतरून त्या सकाळच्या तासाला उभ्या राहत, हेही वर्गाला ठाऊक होते. भाट्याच्या खाडीत चिखलात उतरून करायचा अभ्यासदौरा आम्हीच काहीबाही निमित्ते काढून पुढे ढकलत राहिलो.

लेखात खरोखर राहून गेले आहे ते आपल्याविषयीचे. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसलेले आपण आम्हाला दिसत होता, आणि बाई मध्येच बाहेर येऊन दोन घोट घेऊन परतत. आपण स्वतःला या आठवणींतून पार वगळले आहे, ते बाईंना रुचले नसते. प्रात्यक्षिकाची वही अपुरी ठेवलेली त्यांना मुळीच खपत नसे.