खानापूरच्या दादांना, ग्राइंडरवरच्या हातांबद्दल

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली आणि दोन दिवस तीच डोक्यात घोळत राहिली. पाइपांच्या फिनिशिंगला, म्हणजे वेल्डिंगनंतरच्या घासकामाला, सेन्सरवाला रोबोट लावावा, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ग्राइंडर मारणाऱ्याच्या हाताला जे कळतं ते यंत्राला कळायचं नाही. खानापूर तालुक्यातून रोज बसने बेळगावच्या मच्छे-उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात येणाऱ्या पोरांचं पुढे काय, यावर मी एक ओळही लिहिली नाही, हेही तुम्ही सुनावलंत. आणि छोट्या वर्कशॉपला हे परवडायचं कसं, असा तिसरा प्रश्न.

तिसऱ्या प्रश्नात तुमचंच बरोबर आहे. ज्या शेडमध्ये दिवसाला दहा मापांचे दोन-दोन, चार-चार नग येतात, तिथे रोबोट आणूच नये. एका मापाचे शेकडो पाइप सलग येतात तिथेच त्याचा हिशेब बसतो. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

आता हाताचं. मोठ्या वेल्डेड पाइपच्या टोकाशी आतला वेल्डचा उंचवटा, आपण ज्याला बीड म्हणतो, तो घासावा लागतो. तेल-गॅस वाहून नेणाऱ्या लाइनपाइपला एपीआय 5एल हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं मानक लागतं. गिऱ्हाइकाने तशी अट घातली असेल तर टोकापासून किमान 100 मिमीपर्यंत आतला बीड अर्ध्या मिलिमीटरपेक्षा वर राहून चालत नाही. तो घासताना शेजारची भिंत खाल्ली गेली तरी पंचाईत, कारण 10 मिमी जाडीचा वेल्डेड पाइप 9 मिमीच्या खाली गेला की नापास. चांगला ग्राइंडरवाला हे आवाजावरून, ठिणग्यांवरून, मनगटाला बसणाऱ्या हिसक्यावरून ओळखतो. पाइप कधी अगदी गोल नसतो, बीडही सगळीकडे सारखा नसतो. नुसत्या पाठ केलेल्या वाटेने फिरणारा रोबोट इथे फसतो, एकीकडे हवेत फिरतो आणि दुसरीकडे खड्डा पाडतो. तिथवर तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

सेन्सर आला की गोष्ट बदलते. पाइपावर लेझरची रेघ पडते, बीडपाशी ती वर उचललेली दिसते, आणि कॅमेरा त्यावरून उंची काढतो. रोबोटच्या मनगटाजवळचा फोर्स सेन्सर दाब मोजत असतो, दाब वाढला की रोबोट जरा मागे सरतो. घासायचा पट्टा झिजत जातो तसा तेवढ्याच दाबात माल कमी निघतो, म्हणून दर फेरीनंतर पुन्हा मोजायचं. पण दाब किती ठेवायचा, कुठे हात हलका करायचा, कुठला डाग पट्ट्याचा आणि कुठला वेल्डमधल्या दोषाचा, हे सुरुवातीला कुणीतरी सांगावंच लागतं. ते सांगू शकतो वीस वर्षं ग्राइंडर धरलेला माणूस.

आणि त्या माणसाची बोटं? इथे मी तुमच्याशी भांडणार आहे. माझ्या काकांनी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर ग्राइंडर मारला. डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत सकाळी त्यांची बोटं खडूसारखी पांढरी पडतात. शर्टाचं बटण काकू लावून देते. ग्राइंडरच्या कंपनाने रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, आणि मेलेली बधिर नस सहसा परत येत नाही. ज्या कामाला बोटांची एवढी जाण लागते, तेच काम ती जाण खाऊन टाकतं. युरोपात 2002 च्या निर्देशानुसार आठ तासांच्या हिशेबाने कंपनाची कमाल मर्यादा 5 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. हत्यार 10 चं कंपन देत असेल तर ही मर्यादा दोन तासांतच गाठली जाते. आपली पोरं अख्खी पाळी ग्राइंडर धरतात, वर नगावर पैसे, मग कोण थांबणार? हे काम जसंच्या तसं टिकावं, असं मला म्हणवत नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, आणि तोच सगळ्यात जड आहे. ठेकेदाराच्या हजेरीवरच्या माणसाला उद्या येऊ नको म्हणायला एक फोन पुरतो. रोबोट आणणाऱ्याने आधी लिहून द्यावं की त्या बेमधले, म्हणजे शेडच्या त्या भागातले, ग्राइंडरवालेच रोबोटवर शिकतील, त्यांची हजेरी तुटणार नाही आणि शिकण्याच्या दिवसांचाही पगार मिळेल. माझ्या लेखात ही अट नव्हती, ती चूक मी आज दुरुस्त करतोय. दुसरी अडचण भाषेची. रोबोट चालवायला माणूस हातात धरतो त्या पेंडंटवर, म्हणजे बटणं आणि पडदा असलेल्या यंत्रावर, सगळं इंग्रजीत असतं, आणि आपली पोरं मराठी नाहीतर कन्नड शाळेत शिकलेली. म्हणून पेंडंटवरच्या नेहमीच्या सूचना मी मराठीत उतरवतोय. कन्नडमध्ये कुणी करून देणार असेल तर दोन्ही एकत्र छापून बेमध्ये लावता येतील.

तुमचा भाचा ग्राइंडरवर आहे, त्याला काय सांगू, असं शेवटी विचारलंत. त्याला म्हणावं, काम लगेच सोडू नको, पण रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर ही थंडी यायच्या आत डॉक्टरांना हात दाखव. कुठलं हत्यार किती वेळ धरतोस ते त्यांना नीट सांग. आणि सवड काढून एका रविवारी त्याला घेऊन या, पेंडंट कसा चालवतात ते मी त्याला दाखवतो.