युरोप गप्प होता म्हणे!

शंभरेक वर्षांपूर्वी तुर्कस्तानात (ऑटोमन साम्राज्यात) झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलींबद्दल एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय: ‘लाखो आर्मेनियन मारले गेले, युरोपात कुणी हूं की चूं केलं नाही. कुणाला पत्ताच नव्हता. थोडी हळहळ झाली तीही ते ख्रिस्ती म्हणून.’ तीन वाक्यं, तिन्ही लंगडी.

हूं की चूं नाही? १८९४-९६ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल हमीद याच्या राज्यात आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या, तेव्हा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये हेंग्लर सर्कशीच्या इमारतीत ८६ वर्षांचे माजी ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन त्याविरुद्ध बोलायला उभे राहिले. राजकारणातून निवृत्त झालेला म्हातारा; त्याचं हे शेवटचं मोठं भाषण. पंधरवड्याच्या आत त्यांच्याच पक्षाच्या रोझबरींनी नेतेपद सोडलं, कारण आर्मेनियनांसाठीच्या या आंदोलनामागे फरफटत जायला ते तयार नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये तर आर्मेनियनांच्या बाजूने काढलेल्या निवेदनावर चार लाखांहून जास्त सह्या पडल्या. देशाची लोकसंख्या जेमतेम तीस-बत्तीस लाख!

पत्ता नव्हता, हे तर साफ खोटं. पहिल्या महायुद्धात कत्तली पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा २४ मे १९१५ ला ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने तुर्कस्तानला जाहीर तंबी दिली. ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे शब्द तीतलेच. तुर्कस्तानचा दोस्त जर्मनी, तिथेही योहानेस लेप्सियस या पाळकाने १९१६ मध्ये अहवालाच्या हजारो प्रती छापून गुपचूप टपालाने पाठवल्या. सेन्सॉरने नंतर बंदी घातली. लीबक्नेख्ट या समाजवादी खासदाराने जर्मन संसदेत प्रश्न विचारला, त्याला मध्येच तोडलं. आणि चॅन्सेलर बेथमान-होल्वेगने आधीच फाइलवर लिहून ठेवलं होतं: आर्मेनियन मरोत वा जगोत, युद्ध संपेपर्यंत तुर्कस्तान आपल्या बाजूला राहिला पाहिजे. माहीत नसलेला माणूस असं लिहीत नाही.

धर्माचा मुद्दा अर्धा खरा. मिशनरी होते, चर्चमध्ये वर्गणी गोळा व्हायची. पण १८९६ मध्ये फ्रेंच संसदेत सरकारला धारेवर धरणारा झोरेस समाजवादी होता, आणि पुढे पॅरिसमधून निघालेल्या ‘प्रो आर्मेनिया’ या पाक्षिकामागे राजकारणी क्लेमॉन्सो आणि लेखक अनातोल फ्रान्स होते. दोघांचंही चर्चशी हाडवैर. उलट जर्मनीचा ख्रिस्ती सम्राट, कैसर, १८९८ मध्ये त्याच सुलतानाचा पाहुणचार घेऊन आला.

शेवटी गप्प बसली ती सरकारं. तिथे राग काढा, मीही तुमच्या बाजूने. १८७८ च्या बर्लिन तहाच्या ६१ व्या कलमात आर्मेनियनांना संरक्षणाचं वचन होतं. महायुद्धानंतर तुर्कस्तानशी झालेल्या १९२३ च्या लोझान तहात आर्मेनिया हा शब्दसुद्धा नाही. त्याच वर्षी सीरियातल्या अलेप्पोत डेन्मार्कच्या कारेन येप्पे पळवून नेलेल्या आर्मेनियन बायका-मुलांना सोडवून आणत होत्या.