भिडस्तांनी जुनी स्कूटर कशी घ्यावी

जुनी दुचाकी घ्यायला निघालेल्या गिऱ्हाईकानं एक गोष्ट सांभाळली की पुरे: विकणाऱ्याला वाईट वाटता कामा नये. गाडीचं पुढे काय व्हायचं ते होवो. 'भीड भिकेची बहीण' म्हणणाऱ्यांना चहा-बिस्किटं पुढे ठेवून गाडी दाखवणारे मालक भेटले नसावेत. एकदा त्यांच्या घरचा चहा घेतल्यावर उकिडवं बसून चेसिस नंबर वाचणं शोभतं का?

जाहिरातीत 'सिंगल ओनर, लेडीज वापर, शोरूम कंडिशन, अर्जंट सेल' एवढं असलं की निम्मं काम झालं. फोटोत नंबरप्लेटवर अंगठा ठेवलेला असेल तर तो विनय समजावा. नंबर मागू नका. नंबर हातात आला की परिवहन खात्याच्या ॲपवर पासिंग कधीचं, विमा कधी संपला, कर्जाचा बोजा आहे की नाही हे दोन मिनिटांत दिसतं आणि मग गाडी बघायला जायचं कारणच उरत नाही. आख्खा रविवार रिकामा पडतो. मालक 'सैन्यात' असेल, नुकतीच सीमेवर बदली झाली असेल आणि गाडी लष्करी ट्रान्सपोर्टनं घरपोच येणार असेल, तर भाडं लगेच पाठवा. ते भाडं 'रिफंड' करतो म्हणून क्यूआर कोड आला, तर तो स्कॅन करून पिनही टाका. पैसे घेताना पिन लागत नाही, तो फक्त देतानाच लागतो, असली माहिती देशभक्तीच्या आड येते.

बघायला जायची वेळ संध्याकाळी साडेसातनंतरची. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली पुढचं मडगार्ड आणि डिकीचं पॅनल एकाच लाल रंगाचं दिसतं. दिवसाउजेडी त्यातलं एक नंतर रंगवलेलं निघू शकतं. भुरभुर पाऊस असेल तर सोन्याहून पिवळं, ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत. इंजिन नुकतंच डिझेलनं पुसून लखलखीत केलेलं असेल तर मालकाच्या टापटिपीचं कौतुक करा. धूळ खाल्लेल्या इंजिनवर ऑइल कुठून पाझरतंय ते काळ्या ओघळावरून कळतं. पुसलेल्या इंजिनवर ते कळायला आठवडा जातो, आणि तोवर ती तुमच्या पार्किंगच्या फरशीवर ठिपके पाडत असते.

निघण्याआधी फोन करून नेमकी वेळ सांगा, म्हणजे ते पाच मिनिटं आधी गाडी सुरू करून ठेवतील. तापलेलं इंजिन शहाण्यासारखं पहिल्या सेल्फला उठतं. थंड इंजिनच्या मात्र पोटात काही राहत नाही. सेल्फ मारला की बॅटरीचं वय, किक मारली की कॉम्प्रेशन, आणि पहिल्या मिनिटातल्या खडखडाटात उरलेलं सगळं सांगून मोकळं होतं. काही लोक आल्या आल्या सायलेन्सरजवळ तळवा नेऊन ऊब लागते का बघतात, आणि लागली तर 'अर्ध्या-पाऊण तासानं परत येतो' म्हणून कोपऱ्यावर जाऊन बसतात. अशा लोकांना कोणी दुसरा चहा देत नाही.

गाडी सुरू असताना तिच्या मागे उभं राहू नये, धूर दिसतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो सुरू करताना क्षणभर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्हचं सील. ॲक्सिलरेटर पिळल्यावर येतच राहिला तर रिंगा नि बोअर, म्हणजे इंजिन खोलायचं काम. मालक म्हणेल, 'पेट्रोल खराब मिळतंय हल्ली.' मान डोलवा. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर धूर काळा येतो, निळा नाही, हे त्याला सांगून काय मिळणार? आणि इंजिन जुन्या मानानं फारच शांत वाटलं, तर आत ऑइल कुठलं आहे ते विचारू नका. बऱ्याच स्कूटरना कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. तिथे त्याहून दाट २०डब्ल्यू-५० ओतलं की झिजलेल्या भागांचा आवाज काही आठवडे दबून राहतो. तेवढ्यात व्यवहार उरकतो.

मग चक्कर. 'गल्लीच्या टोकापर्यंतच जा, पेट्रोल कमी आहे' असं म्हटलं तर टोकापर्यंतच जावं. तेवढ्यात हॉर्न आणि हवा या दोनच गोष्टी कळतात. तीन-चार किलोमीटर गेलात तर पंचाईत होते. थांब्यावरून उचलताना गाडी थरथरली तर क्लचचे शू किंवा त्यांची बेल, चढावर नुसता आवाज वाढून वेग वाढला नाही तर बेल्ट नि रोलर. बेल्ट साधारण चोवीस हजार किलोमीटरला बदलायचा असतो. बदलला नाही तर तो एक दिवस तुटतो, आणि मग इंजिन सुरू राहून चाक फिरत नाही. हे सहसा उड्डाणपुलाच्या चढावर होतं, कारण जोर तिथेच पडतो.

मेन स्टँडवर गाडी लावून पुढचं चाक अधांतरी करायचं, शॉकअपच्या खालच्या टोकाला धरून मागे-पुढे हलवायचं, 'टक टक' लागलं की कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. हँडल सावकाश फिरवताना बरोबर मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तरी तेच. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आणि फुकट आहे. पण ती करताना माणूस मेकॅनिकसारखा दिसतो, आणि आपण तर सहकुटुंब आलेले असतो. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकतं तो चेसिसवरचा स्टॉपर बघणं तर थेट चारित्र्यावर संशय घेण्यासारखं. तिथला रंग फुटलेला किंवा लोखंड दबलेलं असेल, तर गाडी समोरून जोरात कुठेतरी बसलेली असते. ब्रेकच्या लिव्हरचं टोक, हँडलचं टोक, सायलेन्सरचं कव्हर, या तिन्हींवर एकाच बाजूचे ओरखडे असतील तर ती कुठल्या कुशीवर पडली तेही कळतं. 'पार्किंगमध्ये पडली होती, उभी असताना.' उभी असतानाच सगळ्या गाड्या पडतात.

किलोमीटरच्या आकड्याला मात्र देवासारखं मानावं. आठ वर्षांची स्कूटर, रोज ऑफिसला जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर, वर्षाचे दिवस तीनशे धरले तरी पन्नास हजारांच्या आसपास जायला हवी. मीटर म्हणतो १४,३१०. म्हणजे मालक चार दिवसांतून एकदाच ऑफिसला जात असणार, असा निष्कर्ष काढा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ते वाचू नका. '४१२१' म्हणजे २०२१ सालचा एकेचाळिसावा आठवडा. गाडी २०१७ची, टायर २०२१चे आणि मीटर चौदा हजारांवर, तर मूळचे टायर गोटा होईपर्यंत फिरवले कुणी, असा बेसूर प्रश्न त्यातून निघतो. पायाखालचं रबर, हँडलच्या ग्रिप, किल्लीचे झिजलेले दात हे सगळे मीटरच्या विरोधात साक्ष द्यायला टपलेले असतात. मीटर तेवढा बदलता येतो. किल्लीचे दात परत उगवत नाहीत.

किमतीचं बोलणं कसं करावं? मालकानं आकडा सांगितला की 'बघा काहीतरी कमी' असं म्हणावं, त्यानं पाचशे कमी केले की आभार मानावेत. दोन टायर, बॅटरी, बेल्ट नि ब्रेकलायनर मिळून पाच-सहा हजारांचं काम समोर दिसत असताना ते कागदावर मांडून वजा करायला सांगणं फार रोखठोक होतं. चाळीस रुपयांच्या कोथिंबिरीत पाच रुपयांसाठी मात्र अडून बसावं. घासाघिशीची सवय मोडता कामा नये.

आता कागद. इथे भिडेचं खरं चीज होतं.

आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, छापलेला चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच आहे का, हे बघायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. जागा मॉडेलनुसार बदलते, पण असते. अंक एका ओळीत नसतील, किंवा भोवतीचा पत्रा घासल्यासारखा चकचकीत असेल, तर चोरबाजारातली वस्तू चोरबाजाराबाहेर मिळाल्याचा आनंद माना. आरसीवर बँकेचा बोजा असेल आणि मालक 'हप्ते कधीच फिटलेत' म्हणाला तर शब्दावर विश्वास ठेवावा. हप्ते फिटल्यानं बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो, आणि एनओसीलाही मुदत असते. ई-चलनं किती थकली आहेत ते विचारू नका, ती वाहनाच्या नंबरवर असतात, माणसाच्या नाही. तुम्ही नवे मालक म्हणून भराल तेव्हा आधीच्या मालकानं कुठकुठे सिग्नल तोडले याचं प्रवासवर्णन फोटोंसह मिळेल. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, आणि पासिंगची पंधरा वर्षं संपायला किती महिने उरलेत, हे दोन प्रश्न मनातल्या मनात विचारावेत.

नाव बदलण्याची घाई नको. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर. फॉर्म २९ (विक्रीची सूचना) दोन प्रतींत, फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज), आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिलनं घासून काढलेला ठसा, इतकंच. पण एजंट म्हणतो, 'सह्या करून घेऊन ठेवा, बघू निवांत.' त्याचं ऐका. विम्याचंही तसंच, १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. न केलेला थर्ड पार्टी विमा दुसऱ्याचं नुकसान झालं तर उपयोगी पडू शकतो, पण तुमची स्वतःची गाडी ठोकली किंवा चोरीला गेली की कंपनी विचारते, 'पॉलिसीवरचे हे गृहस्थ कोण?' त्यांचा नो क्लेम बोनसही त्यांच्याबरोबर जातो. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तुम्हाला सीटकव्हर मिळतं.

आणि हेल्मेट. 'घ्या, हे तुम्हालाच ठेवा' म्हणून मालक डिकीतून काढून देतो. आतल्या स्पंजला त्याच्या तेलाचा वास असतो, पण फुकटातलं नाकारू नये. हेल्मेटच्या आतला थर्माकोलचा थर एकदाच दबतो. दबला की परत फुगत नाही, आणि वरच्या कवचाला काही झालेलं दिसतही नाही. ते आधी एकदा कामी आलं आहे का हे कुणाला सांगता येणार? नवं घ्यायचंच ठरवलं तर हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेलं घ्या. १ जून २०२१ पासून आयएसआयशिवाय हेल्मेट विकायला बंदी आहे, म्हणून त्याच्यावरही आयएसआयचा स्टिकर असतो. चिन्हाजवळचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून बघण्याइतका वेळ हायवेवर कुणाकडे असतो? गाल न दाबणारं, आत डोकं फिरलं तरी स्वतः न फिरणारं, थोडक्यात ऐसपैस निवडा. केस विस्कटत नाहीत.

'त्यापेक्षा नवीच घेऊ' असं एव्हाना वाटलं असेल तर शोरूममध्येही भीड तितकीच चालते, फक्त चहाऐवजी थंड पाणी मिळतं. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी आणि विमा यांच्या खाली 'हँडलिंग', 'ॲक्सेसरी किट', 'कोटिंग' अशा ओळी असतात. त्यांवर बोट ठेवू नका. विमा बाहेरून घेता येतो हे तर बोलूच नका, सेल्सवाल्या मुलीचा चेहरा उतरतो. जानेवारीत सूट मिळाली की गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारू नये. कर्ज 'फ्लॅट दहा टक्के' म्हणाले की दहाच समजा. ऐंशी हजारांवर तीन वर्षांचं व्याज चोवीस हजार, हप्ता २,८८९ रुपये. मुद्दल दरमहा घटत असतानाही व्याज पूर्ण ऐंशी हजारांवर लावलेलं असतं, म्हणून घटत्या शिलकीच्या हिशेबात हाच दर अठराच्या घरात जातो. पण पेढ्यांचा बॉक्स आणि हार घातलेल्या गाडीसोबत फोटो असताना त्रैराशिक मांडणं अपशकुनी.

चार-पाच वर्षांनी तुम्हीही ती विकाल. तेव्हा मात्र मोठ्या मनानं वागा. ताबा पावती करू नका, केली तर तारीख घाला पण वेळ घालू नका. घेणाऱ्याच्या आधारकार्डाची प्रत मागणं असभ्यच. कोऱ्या फॉर्म २९-३०वर सह्या करून, एजंटच्या खांद्यावर हात ठेवून 'तुम्ही बघाल ना?' म्हणा. तो बघतो म्हणेल. तो ती पुढे एकाला देईल, तो दुसऱ्याला, आणि आरसीवर नाव तुमचंच राहील. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी अशीच हातोहात फिरली होती, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयानं नोंदीतल्या मालकावरच ठेवली. विकून मोकळं झालो असं त्यालाही वाटलं असेल.

तुमच्या बाबतीत आधी बहुधा चलनाचा मेसेज येईल. जिथे तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही अशा गावातल्या चौकाचं नाव त्यात असेल. लिंक उघडून फोटो मोठा करून बघा. गाडीवर तिघं बसलेले असतील, मधल्याच्या हातात सिलिंडर. डाव्या आरशाला तुम्ही बांधलेला लिंबू-मिरचीचा तारेचा फास अजून तसाच असेल.