आईच्या रिपोर्टमधले ‘आर’

गणपती झाले, चाकरमानी परतले आणि आईला थंडी वाजून ताप भरला. लघवीला जळजळ. देवगडकडच्या आमच्या गावात असं झालं की पहिली धाव मेडिकलवर. तीन दिवस तिथली गोळी, मग शेजारच्या काकींच्या डब्यात उरलेली सेफिक्झिम ही अँटिबायोटिक. २०१४ पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद करायची, असा नियम आहे. पण डब्यातल्या गोळ्यांना कसली वही?

डॉक्टरांनी लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते पाहायला, पाठवायला सांगितली. बर्फात ठेवलेली बाटली घेऊन मी सकाळच्या एसटीने कणकवली गाठली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: ई. कोलाय नावाचा जंतू. सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ‘आर’, सेफिक्झिमसमोर ‘आर’, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकसमोरही ‘आर’. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला जुमानत नाही. म्हणजे आठवडाभर आम्ही जे तिच्या पोटात घातलं, त्याने जंतूला काहीच झालं नव्हतं. अमिकासिनची इंजेक्शनं घेतल्यावर ती उठून बसली.

कल्चर सांगतं कुठलं औषध चालत नाही. का चालत नाही, ते जंतूचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, वाचल्यावर कळतं. ई. कोलायचा जीनोम साधारण पन्नास लाख अक्षरांचा. त्यातली एक-दोन अक्षरं बदलली तरी सिप्रोफ्लॉक्सासिन निष्प्रभ होऊ शकतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची तऱ्हा वेगळी. ते फोडणारं एन्झाइम बनवणारं सीटीएक्स-एम-१५ हे जनुक बऱ्याचदा प्लाझमिडवर असतं. प्लाझमिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. एक जंतू ते दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारा टायफॉइड पसरला. जीनोम वाचल्यावर त्या टायफॉइडच्या जंतूत हेच जनुक सापडलं, आणि तसंच प्लाझमिड ई. कोलायमध्येही आढळलं होतं. चुकीच्या गोळ्यांतून तगलेला जंतू आपलं कडं पुढे देऊ शकतो; लघवीच्या दुखण्यातली चूक टायफॉइडच्या रोग्याला भोवू शकते ती अशी. हे वाचल्यापासून मला काकींचा डबा आठवत राहतो.

आईच्या जंतूत तेच जनुक होतं का? कुणी पाहिलंच नाही. रिपोर्ट हातात आला, आणि पुढे त्या जंतूचं काय झालं हे विचारायचं मलाही सुचलं नाही. माझं म्हणणं एवढंच: कल्चरची सोय तालुक्याला हवी, आणि तिथे सापडलेले हट्टी जंतू जपून जीनोम तपासणीला गेले पाहिजेत. आमच्या किनाऱ्यावरच्या आजाऱ्यांचे जंतू कुणी वाचलेच नाहीत, तर इथे काय पसरतंय ते कळणार कसं? बाटली घेऊन एसटीने जाणं प्रत्येकाला जमत नाही. भातकापणीत तर नाहीच.

परवा काकींकडे जाऊन डबा उघडायला लावला. चार अर्धवट पट्ट्या निघाल्या. त्यातली एक आमच्याच घरून गेलेली होती.