हायडनला पगार कशाचा मिळत होता?

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: 'युरोपातल्या राजेरजवाड्यांनी संगीतकारांना पदरी ठेवलं, भरघोस पगार दिला आणि बदल्यात फक्त सुंदर रचना मागितल्या. पोटाची चिंता नव्हती म्हणून बाख, हॅण्डल, हायडन, मोझार्ट घडले. आज असा राजाश्रय कुठे?' शेवटच्या प्रश्नाशी भांडण नाही. त्याआधीची विधानं मात्र टिकत नाहीत.

'फक्त रचना मागितल्या' हे सर्वांत चुकीचं. हायडनने एस्टरहाझी घराण्याशी केलेला १ मे १७६१चा करारच पाहा. हे घराणं राजाचं नव्हे, हंगेरीतल्या सरदारांचं. पण थाट राजाला लाजवील असा. पद उपकापेलमाइस्टरचं, म्हणजे संगीत विभागाच्या दुय्यम प्रमुखाचं. पगार वर्षाला ४०० गुल्डेन (तेव्हाचं तिथलं चलन). रोज दुपारच्या आधी आणि नंतर सरदारांच्या दालनाबाहेर हजर राहून 'आज वादन हवं का?' हे विचारायचं. कोण वादक उशिरा आला, कोण आलाच नाही, याची नोंद ठेवायची. पांढरे मोजे, पांढरा सदरा आणि केसांना पावडर, तीही सगळ्यांची एकसारखी. वादकांची भांडणं मिटवायची. वाद्यं आणि स्वरलिपीची बाडं सांभाळायची. निष्काळजीपणामुळे काही बिघडलं तर जबाबदारी त्याची. गायिकांकडून सराव करून घ्यायचा, कारण व्हिएन्नात एवढा खर्च करून शिकलेलं त्यांनी खेड्यात राहून विसरायला नको! रचना करणं हे या सगळ्यातलं एक कलम. त्यातही रचनेची नक्कल कुणाला द्यायची नाही आणि परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी लिहायचं नाही, अशी अट. १७७९च्या नव्या करारात ही बंदी गेली, तेव्हा कुठे त्याला प्रकाशकांशी उघडपणे व्यवहार करता आला.

कारभार बिघडला की बोलणीही खावी लागत. १७६५मध्ये वयोवृद्ध कापेलमाइस्टर वेर्नरने तक्रार केली की बाडं विखुरली आहेत आणि वाद्यांची आबाळ होते आहे. वरून हुकूम आला: सगळ्याची यादी करा. शिवाय बॅरिटनसाठी आणखी लिहा. बॅरिटन हे मालकांचं आवडतं वाद्य. त्यात गजाने वाजवायच्या तारांखेरीज मानेमागे धातूच्या तारा असतात आणि त्या अंगठ्याने छेडायच्या. ठरावीक स्वरजुळणीमुळे त्यावर मोजक्याच पट्ट्या सोयीच्या पडतात, आणि वाजवणारा मालक असल्याने त्याच्या हाताला झेपेल एवढंच लिहायचं. या चौकटीत हायडनने बॅरिटन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठी १२०हून अधिक त्रयी लिहिल्या. यांतल्या किती आज वाजतात, हे त्या मजकुराच्या लेखकाने जरूर शोधावं.

साहित्याची अडचण वेगळीच. तेव्हाच्या हॉर्नला कळा नव्हत्या. नळीच्या लांबीनुसार जे स्वर निघतील तेवढेच. पट्टी बदलायची तर जास्तीची वेटोळी नळी बसवावी लागे. १७७२ची ४५वी सिम्फनी एफ शार्प मायनरमध्ये, आणि त्या पट्टीची नळी कुणाकडे असते? दरबारासाठी अर्ध्या स्वराच्या नळ्या मुद्दाम करून घ्याव्या लागल्या. कल्पना सुचल्यावर कारागिराला काम सांगणं आणि त्याचं बिल मंजूर करून घेणं हाही नोकरीचाच भाग.

'भरघोस पगार.' व्हिएन्नाच्या दरबाराचा संगीतकार ग्लुक १७८७च्या नोव्हेंबरमध्ये वारला. त्याला वर्षाला २००० गुल्डेन मिळत. डिसेंबरमध्ये मोझार्टला त्याच दरबारात पद मिळालं ते ८०० गुल्डेनवर. दरबाराने मोझार्टला तुटपुंज्या पगारावर राबवलं, ही उलट्या बाजूची रडकथाही तितकीच फिरते, तीही पुरती खरी नाही. रोजची हजेरी नव्हती; मुख्य काम म्हणजे कार्निव्हलच्या दिवसांत रेडूट या दरबारी नृत्यदालनातल्या नाचांसाठी मिनुएट आणि जर्मन नृत्यं पुरवणं. आठ-आठ मात्राखंडांचे तुकडे, सहा किंवा बाराचा संच, वाद्यवृंदात व्हायोला नाहीच. तेवढ्या कामाला ८०० कमी नव्हते. पण घर त्यावर चालणं कठीण होतं.

बाखला सॅक्सनीचा 'दरबारी संगीतकार' हा किताब १९ नोव्हेंबर १७३६ रोजी मिळाला. अर्ज केला होता १७३३च्या जुलैत, सोबत किरिए आणि ग्लोरिया हे चर्चच्या उपासना-संगीताचे दोन भाग जोडून. म्हणजे तीन वर्षं वाट पाहिली. किताब मिळाल्यावर तो ड्रेस्डेनला राहायला गेला नाही, लाइपझिगमधली चर्च आणि शाळेच्या संगीताची नोकरीच करत राहिला. तिथल्या शाळेच्या प्रमुखाशी गायकवृंदाचे मुख्य विद्यार्थी कोणी नेमायचे यावरून वाद पेटला होता, त्यात हा किताब कामाला आला. आणि आश्रयदात्यांच्या मायेबद्दल सांगायचं तर वायमारच्या दरबाराची नोकरी सोडायचा हट्ट धरला म्हणून १७१७मध्ये त्याला सुमारे चार आठवडे कोठडीत ठेवलं होतं.

हॅण्डलचं नाव या यादीत घालणं तर सरळ गफलत. दुसऱ्या जॉर्जच्या ११ ऑक्टोबर १७२७च्या राज्याभिषेकासाठी त्याने चार अँथेम, म्हणजे वृंदगानाच्या धार्मिक रचना, लिहिली, म्हणून तो राजाचा अधिकृत संगीतप्रमुख होता असं धरलं जातं. ते पद, म्हणजे 'मास्टर ऑफ द किंग्ज म्युझिक', तेव्हा जॉन एकल्सकडे होतं आणि १७३५मध्ये त्याच्यानंतर मॉरिस ग्रीनकडे गेलं. नववर्षाला आणि राजाच्या वाढदिवसाला राजकवीच्या ओळींना चाल लावणं हे त्या पदाचं ठरलेलं काम. हॅण्डलकडे १७२३पासून राजघराण्याच्या चॅपलसाठी रचनाकाराचा मान आणि निवृत्तिवेतनं होती. दरवर्षी राजकवीच्या ओळींना चाल लावण्याचं ओझं त्याच्यावर नव्हतं.

राहिली पोटाची चिंता. १७९०च्या सप्टेंबरमध्ये हायडनचे मालक निकोलाउस एस्टरहाझी वारले आणि वारसाने बहुतेक वादकांना घरी पाठवलं. हायडनला १००० गुल्डेनचं निवृत्तिवेतन मिळालं. बाकीच्यांनी दुसरी नोकरी शोधायची. पुढच्या पाच वर्षांत हायडनने ज्या बारा सिम्फनी लिहिल्या त्या लंडनच्या मैफलींसाठी, पैसे भरून येणाऱ्या श्रोत्यांसमोर.