खचलाय तो भराव, कोबा नव्हे

‘स्विमिंग पूलच्या कडेचा कोबा खचलाय? वर दोन इंच नवं काँक्रीट ओता, फट सिमेंटनं भरा, पूल रिकामा करून काम उरका.’ पाऊस उघडल्यापासून हा मेसेज फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मला एकट्याला चौघांनी पाठवला.

आधी ते दोन इंच. पुलासाठी खड्डा टाकीपेक्षा दोन-तीन फूट रुंद काढावा लागतो. भिंती झाल्या की ती मोकळी जागा सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, चोपून भरायची असते. भरतात कशी? खड्ड्यातलीच माती जेसीबीनं ढकलून! त्यात ती काळी असली की पावसात फुगणार, उन्हात आकसणार. शिरोळकडं एका शेतघरी पहार ठोकली तर कोबा ढबढब वाजला. कोपरा फोडला, तर आत अख्खा हात जाईल एवढी पोकळी. वर चार इंच मुरूम, खाली नुसती ढेकळं आणि त्यांत दडपलेल्या सिमेंटच्या दोन रिकाम्या पिशव्या. आदल्या वर्षी तिथं असाच थर ओतला होता. दोन इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ १२० किलो. ते वजन त्याच पोकळीवर.

खालची माती कुठल्या पाण्यानं वाहून गेली, हे मेसेजवाला विचारतच नाही. पुलाच्या पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवा, बादलीतल्या आणि पुलातल्या पाण्याच्या खुणा करा, २४ तासांनी बघा. पुलातलं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. हेच एकदा पंप चालू ठेवून करा, एकदा बंद ठेवून. चालू असताना जास्त उतरलं तर संशय पाइपावर. गळती काढल्याशिवाय कोब्याला हात लावू नका.

मग दुरुस्ती. कोब्याचा स्लॅब एकसंध असेल तर भोकं पाडून खालून सिमेंटचा पातळ गारा किंवा फोम दाबून उचलता येतो. तुकडे झाले असतील तर फोडा, मुरूम थराथरानं चोपा, नवीन ओता. उतार पुलापासून बाहेर, ५० ला १.

फटीत सिमेंट तर नकोच. कोपिंग, म्हणजे पुलाच्या भिंतीवर बसवलेली काठाची कड, आणि कोबा वेगवेगळे हलतात म्हणून ती फट मुद्दाम सोडलेली असते. कडक भरलं की कोबा उन्हानं वाढून कोपिंगला रेटतो आणि टाइल सुटतात. तिथं रबरासारखं ताणलं जाणारं सीलंट लागतं.

आणि पूल रिकामा करणं! आम्ही पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलो, तिथं असले प्रश्न नव्हते. जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामी टाकी खालच्या दाबानं तडकते, कधी होडीसारखी वर उचलली जाते. कडेच्या कोब्यासाठी पूल रिकामा करायची बहुतेक वेळा गरजच नसते. करावाच लागला, तर शेजारी टाकीच्या तळापेक्षा खोल बोअर मारून पाणी किती खाली आहे ते आधी बघा.