डिकी बेट्स जगला, म्हणून मागे पडला

ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारवादक ड्युएन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ ला जॉर्जियातल्या मेकन गावात मोटरसायकलच्या अपघातात गेला. पंचवीस पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते. दरवर्षी ही तारीख आली की ब्लूज आणि सदर्न रॉकवर (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॉकवर) जीव असलेल्या सगळ्यांच्या समाजमाध्यमांवरच्या भिंतींवर त्याचे फोटो झळकतात. मीही टाकतो, टाकायलाच हवेत. पण १८ एप्रिलला सगळीकडे सामसूम असते. २०२४ साली त्या दिवशी त्याच बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्स गेला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑलमन ब्रदर्स बँडच्या ज्या आवाजावर आपण फिदा आहोत, त्यातला अर्धा आवाज डिकीचा होता. त्याचं श्रेय त्याच्या पदरात पुरतं पडलं नाही, कारण ड्युएन गेल्यावर तो अर्धशतकाहून जास्त जगला. आणि जगताना माणूस भांडतो, पितो, चुकतो, म्हातारा होतो. चोविसाव्या वर्षी गेलेल्याच्या खात्यावर यातलं काहीच जमा होत नाही.

ड्युएनला कमी लेखायचा प्रश्नच नाही. बँड जमायच्या आधी अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत तो पगारी वादक होता. विल्सन पिकेट या गायकानं बीटल्सचं ‘हे ज्यूड’ गायलं, त्याच्या शेवटी ड्युएनची गिटार जी सुटते ती ऐकून ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टननं हा कोण, अशी चौकशी केली होती. पुढे १९७० मध्ये मायामीत क्लॅप्टनच्या ‘लैला’ अल्बमच्या ध्वनिमुद्रणात दोघं शेजारी बसून वाजवत होते. आणि त्याचं स्लाइड! सर्दीच्या गोळ्यांची काचेची रिकामी बाटली बोटात घालून तारेवरून घसरवायची. आपल्याकडची मींड कानात मुरलेल्या माणसाला ते लगेच भिडतं, कारण दोन सुरांमधली जागा तिथेही मोकळी सोडलेली नसते.

पण ही बाटली आली कुठून, तेही पाहा. ‘स्टेट्सबरो ब्लूज’ हे गाणं मुळात ब्लाइंड विली मॅकटेल या जॉर्जियाच्या अंध कृष्णवर्णीय गायकाचं. १९२८ चं ध्वनिमुद्रण, बारा तारांची गिटार. चाळीस वर्षांनी ताज महाल या गायकानं ते नव्यानं केलं आणि त्यावर स्लाइड वाजवली जेसी एड डेव्हिसनं. हा ओक्लाहोमाचा, किओवा वंशाचा मूळनिवासी अमेरिकन. तो रेकॉर्ड ऐकूनच ड्युएन स्लाइडच्या नादी लागला. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहातल्या बँडच्या मैफलीचा अल्बम याच गाण्यानं सुरू होतो; त्याची सुरुवात ज्या स्लाइडनं होते, तिच्यावर डेव्हिसची छाप स्वच्छ आहे. आधी एक ऐका, मग दुसरं. डेव्हिस १९८८ मध्ये गेला. त्याचा फोटो तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? मी तर क्वचितच पाहिलाय.

आता डिकीकडे वळतो. फ्लोरिडाचा मुलगा, घरात फिडलचे (म्हणजे व्हायोलिनचे) सूर, कानावर ब्लूग्रास आणि वेस्टर्न स्विंग हे अमेरिकन गावाकडचे संगीतप्रकार. १९६९ मध्ये बास गिटार वाजवणाऱ्या बेरी ओकलीबरोबर तो या बँडमध्ये आला, तेव्हा येताना ही सगळी शिदोरी घेऊन आला. ब्लूजवाले साधारणपणे रडव्या, दुखऱ्या सुरांवर रेंगाळतात. डिकी उजेडातले सूर वाजवायचा, गावच्या नाचातल्या फिडलसारखे. आणि मग ती दोन गिटारींची जोडी. आपला कान जुगलबंदीला सरावलेला, म्हणजे एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, चढाओढ करायची. इथे तसं नाही. दोघं एकच धून एकाच वेळी वाजवतात, फक्त एकाचे सूर दुसऱ्याच्या वर ठेवलेले. एकजण जरा जरी पुढे-मागे झाला तरी सगळं फसतं. सदर्न रॉक म्हटल्यावर जो आवाज डोक्यात येतो तो हाच आहे, आणि पुढे बहुतेक बँडनी तो उचलला. याचं श्रेय सर्रास ‘ड्युएनचा बँड’ म्हणून दिलं जातं. एकट्या माणसाला दोन गिटारींचं श्रेय कसं देता येतं, हे मला अजून कळलेलं नाही.

‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही रचना घ्या. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. नाव मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका थडग्यावरून घेतलेलं. फिलमोर ईस्टला मार्च १९७१ मध्ये मुद्रित झालेली तेरा मिनिटांची आवृत्ती ऐका. सुरुवातीला गिटारच्या आवाजाची खुंटी हळूहळू फिरवत, तारेवरचा आघात लपवत, व्हायोलिनसारखे उमलणारे सूर येतात. ड्युएनची म्हणून ही रचना लोक एकमेकांना पाठवतात. ती लिहिली डिकीनं, आणि ती उमलणारी सुरुवातही त्याचीच.

ड्युएन गेल्यावर वर्षभरानं, ११ नोव्हेंबर १९७२ ला, बेरी ओकलीही मोटरसायकलच्याच अपघातात गेला. तोही चोवीसचा, आणि जागाही ड्युएनच्या अपघातापासून फार लांब नाही. असा बँड तिथेच मोडायला हवा होता. डिकीनं मोडू दिला नाही. १९७३ च्या ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’वर त्यानं ‘रॅम्ब्लिन मॅन’ दिलं. ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम पहिल्या क्रमांकावर. त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला ‘ग्रेटफुल डेड’ आणि ‘द बँड’ या दोन बँडसोबत ते वाजवायला उभे राहिले, तेव्हा समोर सहा लाख माणसं असल्याचा अंदाज सांगतात. हे सगळं ड्युएनशिवाय.

‘जेसिका’ही त्याच अल्बममधलं. ‘टॉप गिअर’ हा गाड्यांचा ब्रिटिश कार्यक्रम पाहिलेल्या प्रत्येकाला त्याची धून पाठ आहे, फक्त ती कुणाची ते माहीत नाही. जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाची डाव्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तो उरलेल्या दोनांवर वाजवायचा. त्याला मानवंदना म्हणून डिकी दोनच बोटांनी वाजेल अशी धून शोधत होता. तेवढ्यात तान्ही मुलगी जेसिका समोर तालावर उड्या मारायला लागली आणि चाल सापडली. पुढे १९९६ मध्ये याच धूनच्या मैफलीतल्या आवृत्तीला ग्रॅमी मिळालं.

मग शेवट का वाईट झाला? त्याचा स्वभाव. दारू, संताप, खटके. २००० साली बाकीच्यांनी त्याला पत्र पाठवून बाहेर ठेवलं आणि तो परत त्या मंचावर आला नाही. न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरला ऑक्टोबर २०१४ मध्ये बँडनं शेवटची मैफल केली तेव्हाही नाही. सगळा दोष इतरांचा होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याबरोबर रोज एका बसमधून फिरणं सोपं नसावं. पण त्याच्या रचना ते शेवटपर्यंत वाजवत राहिले, हेही तितकंच खरं. त्या बाजूला काढल्या असत्या तर मैफल अर्ध्यावर संपली असती.

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत-मासिकानं २००३ मध्ये सर्वोत्तम शंभर गिटारवादकांची यादी केली. ड्युएन दुसरा, जिमी हेंड्रिक्सच्या लगेच खाली. डिकी पन्नासच्याही पलीकडे. अशा याद्यांवर माझा विश्वास नाही, पण एकाच बँडमधल्या, एकच धून खांद्याला खांदा लावून वाजवणाऱ्या दोघांत एवढं अंतर?

आणि ज्याला त्या दोघांमधलं नातं शंकास्पद वाटतं त्याच्यासाठी एवढंच : डिकीनं आपल्या मुलाचं नाव ड्युएन ठेवलं. ड्युएन बेट्स आज स्वतः गिटार वाजवतो, आणि ड्युएनचा भाऊ ग्रेग ऑलमन याचा मुलगा डेव्हन, बेरीचा मुलगा यांच्याबरोबर त्यानं बँडही केला.

हे फक्त एका बँडचं दुखणं नाही. लिनर्ड स्किनर्ड या दुसऱ्या सदर्न रॉक बँडचं विमान २० ऑक्टोबर १९७७ ला मिसिसिपीत इंधन संपून कोसळलं, त्यात गायक रॉनी व्हॅन झँट आणि गिटारवादक स्टीव्ह गेन्स गेले. त्यांचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन हात-पाय मोडून घेऊन वाचला, पुन्हा उभा राहिला आणि मार्च २०२३ मध्ये गेला, मूळ बँडमधला शेवटचा. त्यांच्या ‘फ्री बर्ड’ गाण्याच्या सुरुवातीला पक्ष्यासारखी हाक देणारी स्लाइड त्याची आहे. शेवटच्या सुसाट सोलोवर, म्हणजे अॅलन कॉलिन्सवर, लोक पानंच्या पानं लिहितात. रॉसिंग्टनवर मला हवं तसं लिहिता येत नाही, माझा कान ऑलमनवाल्यांकडे झुकलेला आहे. हे वाचणाऱ्यांत स्किनर्डचे कट्टर भक्त आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कुणीतरी लिहा, मी सगळं वाचेन आणि जमलं तर भांडेनही.